देठापाशी

आमच्या लिथुआनियात नोव्हेंबरचं नावच पानगळ.
कॅलेंडरवर तसंच छापलेलं असतं :
पानगळ, दोन तारीख, मृतांचा दिवस.
म्हणून एक तारखेला पहाटेच मी खराटा घेतो,
चर्चच्या दारापासून कबरींच्या शेवटच्या रांगेपर्यंत.
लिंडनची पानं, मॅपलची पानं,
ओली, एकमेकांना चिकटलेली,
पेटीच्या तळाशी राहिलेल्या बाद नोटांसारखी.
झाडून मागे वळावं तर पुन्हा तेवढीच.
पाद्री म्हणतात, बालत्रूस, हे काम
देवालाही संपवता यायचं नाही.
ते हसतात. मी हसत नाही.

सदतीस वर्षं मी हे दार उघडतोय,
घंटेचा दोर ओढतोय, मेणाचे ओघळ खरवडतोय,
आणि वेदीपाशी भाकर वाटायची वेळ झाली की
खराटा उचलून बाहेर.
कुणी विचारत नाही. गावाला ठाऊक आहे.

स्तेपोनास, माझा भाऊ.
आईला पुरलं त्या दिवशी कुंपणाच्या आत आला नाही.
खिशात पक्षाचं कार्ड असलेला माणूस
चर्चच्या आवारात दिसला तर
नोकरी जायची, घर जायचं.
तो रस्त्यापलीकडच्या ओकखाली थांबला,
डोक्यावर टोपी, हात खिशात,
जणू बसची वाट बघतोय.
शवपेटीचा दोर सैल सोडताना मी त्याच्याकडे पाहिलं
आणि माझ्या आत काहीतरी मिटलं.
आवाज न करता.

वनखात्याचा गिर्दवाइनिस एकदा लाकूड मोजायला आला होता.
म्हणाला, पान काही वारा तोडत नाही,
वारा आपला नावाला.
दिवस आखडू लागले की झाडच
देठाच्या बुडाशी भिंत घालतं,
पातळ, रोज थोडी थोडी.
पान तेव्हा ऐन रंगात असतं, त्याला पत्ताही नसतो.

मला तेवढंच हवं होतं.
म्हणजे भिंत त्यानं घातली, वर बसलेल्यानं.
रिकाम्या चर्चमध्ये फरशी पुसताना
मी त्याला कितीदा सुनावलं असेल :
तूच लावलंस दार,
आता आत बोलावू नकोस.

ओक मात्र वेगळा. तो पान सोडतच नाही.
खालच्या फांद्यांवर मेलेली पानं
बर्फ पडला तरी खडखडत राहतात.
मला वाटायचं, ही निष्ठा.

परवाच्या वादळात मॅपलची एक फांदी खाली आली.
पान गळलेल्या जागी व्रण होता, घोड्याच्या नालाएवढा नव्हे,
नालाच्या आकाराचा, पण तिळाएवढा.
त्याच्या अगदी वर अंगठ्याला काहीतरी टोचलं.
कोंब. घट्ट, तान्ह्या मुठीसारखा.
गिर्दवाइनिस हेही बोलला होता, मी ऐकलं नव्हतं :
तो आत्ता नाही आलेला,
जुलैपासून तिथंच आहे,
पान हिरवं होतं तेव्हापासून, त्याच्या काखेत.

स्तेपोनास शेवटच्या रांगेत आहे. आत, कुंपणाला लागून.
मुलगा आयर्लंडला, दिवा लावायला कुणी नाही.
सांगतोच आता :
सगळं आवार मी झाडतो,
त्याच्या कबरीवरची पानं तेवढी ठेवतो.
बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा थकला.

आज मिस्सा चालू होती. घंटा तीनदा वाजली, मी बाहेर पडलो.
पानं रस्त्यापलीकडे उडाली होती, म्हणून तिकडे गेलो,
ओकखाली. दम लागला, थांबलो.
दार उघडं. मेणबत्त्या. लोकांच्या पाठी.
आणि गाणं.
इथून गाणं ऐकू येतं,
शब्द न् शब्द.
आईच्या वेळीही आलं असणार.

माझी टोपी डोक्यावर होती,
हात खिशात.

टोपी काढली. टकलाला गार लागलं.

मग शेवटची रांग. खराट्यानं नाही,
हातानं पानं बाजूला केली.
लाल काचेच्या दिव्यात काडी दोनदा विझली,
वाऱ्याला शिवी दिली, मग लागली.
गुडघा चिखलात भिजला.

आत भाकर वाटून झाली असेल.
पाद्री पेला पुसत असतील.
पुढच्या रविवारी, बघू.
खराटा मात्र मी ओकला टेकवून आलोय.